आठ डॉलरची दुरुस्ती

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पनवेल सोडलं, की डाव्या हाताला आधी प्रबळगडाचा आडवा माथा येतो आणि त्याच्यामागून इर्शाळगडाचा सुळका डोकं काढतो. या सुळक्याच्या सावलीत चौक गाव आहे. इतिहासात चौक येतं ते नेताजी पालकरांचं गाव म्हणून. ट्रेकर लोकांच्या बोलण्यात येतं ते गडाच्या नेढ्यापर्यंत, म्हणजे कड्यातल्या आरपार भोकापर्यंत, जायची सुरुवात म्हणून. २०२३च्या पावसाळ्यानंतर मात्र महाराष्ट्राला ते वेगळ्याच कारणासाठी ठाऊक झालं.

१९ जुलै २०२३च्या रात्री डोंगराची दरड गडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर कोसळली. ठाकर आदिवासींची वाडी, पन्नासाच्या आत घरं, सव्वादोनशेच्या आसपास माणसं. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसं मातीतच राहिली. वाडीला गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे जेसीबी पायथ्यालाच उभे राहिले. ढग आणि पावसामुळे हेलिकॉप्टरही उडालं नाही. घमेली, कुदळी, फावडी घेऊन जवान पायी चढले आणि हातांनी माती उपसत राहिले. त्याच रात्री नवी मुंबईच्या अग्निशमन दलातले एक अधिकारी मदतीसाठी ती चढण चढत होते. वाटेतच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले.

बातमीतलं ते एक वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्यांच्यापाशी एखादं यंत्र असतं तर ते वाचले असते का, या प्रश्नाला उत्तर नाही, आणि ते शोधायचा अधिकारही मला नाही. पण त्या निमित्ताने एक गोष्ट मनात घर करून बसली. हृदय थांबलेल्या माणसाला वाचवणारी यंत्रं जगात साठ-सत्तर वर्षांपासून आहेत. ती कोणी केली, कशासाठी केली, आणि डोंगराच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत त्यांचं काय होतं? उत्तर शोधताना तीन माणसांच्या आठवणींपाशी आलो. एक आयर्लंडचा डॉक्टर, दोघे अमेरिकेतले इंजिनिअर. तिघांनीही आपल्या आयुष्यावर पुस्तकं लिहिली. वैद्यकीय उपकरणांचा उद्योग आज अब्जावधींचा झाला असला, तरी त्याचा पाया कोणी आणि कसा घातला हे या माणसांच्या गोष्टींतून कळतं. आणि त्या गोष्टी चौकात बसून वाचल्या, की जरा वेगळ्या लागतात.

यंत्र माणसाकडे नेणारा डॉक्टर

फ्रँक पँट्रिज हा उत्तर आयर्लंडचा. दुसऱ्या महायुद्धात तो जपान्यांच्या हाती सापडला आणि ब्रह्मदेशाच्या रेल्वेमार्गावर युद्धकैदी म्हणून राबला. हाडांचा सापळा होऊन परतला, आणि पुढे बेलफास्टच्या इस्पितळात हृदयरोगतज्ज्ञ झाला. त्याच्या आत्मचरित्राचं नाव ‘ॲन अनक्वाएट लाइफ’, प्रकाशन १९८९. स्वभावाने तिखट माणूस.

त्याच्या काळात डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला विजेचा शॉक देणारं यंत्र, इस्पितळात आलेलं होतं. क्लीव्हलंडमध्ये क्लॉड बेक या शल्यविशारदाने १९४७ मध्येच शस्त्रक्रियेच्या टेबलावर एका मुलाचं हृदय शॉकने पुन्हा चालू केलं होतं. पण यंत्र भिंतीतल्या प्लगला बांधलेलं, आणि झटका आलेली बरीचशी माणसं इस्पितळाच्या दारापर्यंत पोहोचतच नव्हती. हृदय फडफडू लागल्यावर काही उपचार झाला नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. म्हणजे खेळ दहा-बारा मिनिटांचा. पँट्रिजने हिशेब साधा मांडला: माणूस यंत्रापर्यंत येत नसेल, तर यंत्र माणसापर्यंत गेलं पाहिजे.

१९६५ मध्ये त्याने गाडीच्या बॅटऱ्यांवर चालणारा डिफिब्रिलेटर ॲम्ब्युलन्समध्ये बसवला. वजन सत्तर किलो. म्हणायला ‘सुटसुटीत’, उचलायला दोन माणसं. तीनच वर्षांत ते वजन सव्वातीन किलोंच्या आसपास आलं, आणि त्यासाठी लागलेला छोटा कपॅसिटर अंतराळ मोहिमांच्या कामातून आला होता. त्याची पद्धत अमेरिकेने लवकर उचलली, खुद्द ब्रिटनने उशिरा. १९७२ मध्ये माजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना व्हर्जिनियात झटका आला, तेव्हा असंच सुटसुटीत यंत्र कामाला आलं.

महाराष्ट्रात २०१४ पासून रस्त्यावर दिसणारी १०८ क्रमांकाची ॲम्ब्युलन्स याच विचाराची नात आहे. सुरुवातीला ९३७ गाड्या आल्या, त्यांतल्या २३३ पूर्ण सामग्रीच्या. खोपोली-पनवेल रस्त्यावर अपघात झाला, की आपण सवयीने १०८ फिरवतो. मात्र पँट्रिजचा विचार रस्ता आहे हे धरून चालतो. पायथ्याच्या नानिवलीच्या पुढे इर्शाळवाडीची पायवाट लागायची, तिथे त्याची ॲम्ब्युलन्सही थांबली असती.

दिवे गेले तेव्हा

दुसरा माणूस अर्ल बाकन. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातला. ‘वन मॅन्स फुल लाइफ’ हे त्याचं आत्मचरित्र १९९९ मध्ये आलं. लहानपणी फ्रँकेन्स्टाइनचा चित्रपट पाहिला आणि विजेने निर्जीव देहात जीव येतो या कल्पनेने झपाटून गेला, असं तो सांगे.

त्याच्या धंद्याची सुरुवात मात्र अगदी नाक्यावरच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानासारखी आहे. बायको मिनियापोलिसच्या एका इस्पितळात प्रयोगशाळेत काम करायची. हा विद्युत अभियांत्रिकीचा विद्यार्थी तिला घ्यायला जाई, आणि तिची सुटी होईपर्यंत तिथले लोक त्याला बिघडलेली यंत्रं दाखवत. ‘जरा बघता का?’ या एका प्रश्नातून धंदा उभा राहिला. १९४९ मध्ये मेव्हण्याबरोबर त्याने गॅरेजमध्ये वैद्यकीय यंत्रांच्या दुरुस्तीचं दुकान काढलं. नाव मेडट्रॉनिक. पहिल्या महिन्याची कमाई आठ डॉलर, एक सेंट्रिफ्यूज दुरुस्त करून मिळालेली. जगातल्या सर्वांत मोठ्या वैद्यकीय उपकरण कंपन्यांपैकी एकीचा हा श्रीगणेशा. शोध नाही, पेटंट नाही, भांडवल नाही. नुसती दुरुस्ती.

त्या वेळी मिनेसोटा विद्यापीठात डॉ. वॉल्टन लिलेहाय लहान मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करत होते. काही मुलांच्या हृदयाचे ठोके शस्त्रक्रियेनंतर मंदावत, म्हणून त्यांना बाहेरून पेसमेकर लावावा लागे. हा पेसमेकर ट्रॉलीवरचा मोठा डबा, भिंतीतल्या विजेवर चालणारा. वायर जेवढी लांब, तेवढंच मुलाचं जग. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी शहराची वीज गेली. त्या काळोखात एक मूल दगावलं, असं सांगितलं जातं. लिलेहाय यांनी दुसऱ्या दिवशी बाकनला विचारलं: बॅटरीवर चालणारं काही करता येईल?

बाकनने आधी मोटारीच्या बॅटरीचा विचार केला, मग सोडून दिला. त्याला आठवलं, की ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या मासिकात इलेक्ट्रॉनिक मेट्रोनोमची आकृती छापून आली होती. मेट्रोनोम म्हणजे गाणाऱ्याला ताल देणारं टकटक यंत्र. दोन ट्रान्झिस्टरचा साधा खेळ. हृदयालाही ताल लागतो. चार आठवड्यांत त्याने तळहाताएवढा ॲल्युमिनियमचा डबा तयार केला. कुत्र्यावर प्रयोग करायला म्हणून नेला. दुसऱ्या दिवशी इस्पितळात गेला, तर तोच डबा एका मुलीच्या छातीवर. लिलेहाय म्हणाले, हाताशी असलेलं चांगलं यंत्र न वापरता मूल गमावणं त्यांना मान्य नव्हतं.

त्या पहिल्या डब्याची बटणं बाहेर होती. पोरंच ती, बटण दिसलं की फिरवणार. नंतरच्या डब्यात बटणं आत गेली. यंत्र वापरणाऱ्याच्या हातात पडल्यावरच त्याचे दोष दिसतात, आणि ते पाहायला दुरुस्त करणारा जवळ असावा लागतो.

बाकनची ही गोष्ट वाचताना मला खोपोली आठवते. १९१५ मध्ये टाटांनी घाटमाथ्यावरचं पाणी खोपोलीत उतरवून वीज केली, आणि ती तारांवरून मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. पुढे चौकजवळ मोरबे धरण झालं, त्याचं पाणी नवी मुंबईला जातं. वीज इथली, पाणी इथलं, दोन्हींचा रस्ता शहराकडे. या मुलखातल्या वाड्यांना वीज जाणं ही बातमी वाटत नाही, ऋतूसारखी वाटते. मिनियापोलिसमध्ये दिवे एकदा गेले आणि त्यातून एक उद्योग जन्माला आला. आपल्याकडे दिवे इतक्या वेळा गेले, त्यातून काय आलं, हा प्रश्न बोचतो.

चुकलेला रंगपट्टा आणि सव्वीस पेसमेकर

तिसरा माणूस विल्सन ग्रेटबॅच, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोचा. त्याचं ‘द मेकिंग ऑफ द पेसमेकर’ हे पुस्तक २००० सालचं. तो हृदयाचे आवाज नोंदवणारं यंत्र बनवत होता. सर्किटमध्ये दहा हजार ओहमचा रेझिस्टर बसवायचा, तर डब्यातून उचलला दहा लाखांचा. रंगाचा एक पट्टा नारिंगी हवा होता, हिरवा आला. सर्किट चालू केलं तर ते टक करून थांबे, सेकंदभर गप्प राही, पुन्हा टक. ग्रेटबॅच बघत राहिला. हे तर हृदय होतं.

दोन हजार डॉलरची शिल्लक आणि घरामागचं कोठार, एवढ्या भांडवलावर त्याने नोकरी सोडली. पन्नास पेसमेकर हाताने केले. सुटे भाग तपासण्याचं बरंच काम बायको एलिनॉर करायची. डॉ. विल्यम चार्डॅक यांच्याबरोबर आधी कुत्र्यावर, मग १९६० मध्ये माणसावर प्रयोग यशस्वी झाला, आणि त्या पेसमेकरच्या उत्पादनाचा परवाना बाकनच्याच मेडट्रॉनिकने घेतला. दुरुस्तीच्या दुकानाची कारखानदारी झाली ती इथे.

त्याआधीच, ८ ऑक्टोबर १९५८ रोजी, स्वीडनमध्ये आर्ने लार्सन नावाच्या त्रेचाळीस वर्षांच्या रुग्णाच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर बसवला गेला होता. डॉक्टर ओके सेनिंग, इंजिनिअर रुने एल्मक्विस्ट. हट्ट मात्र लार्सनच्या बायकोचा. नवऱ्याला दिवसातून वीस-वीस वेळा शुद्धीवर आणावं लागत होतं, आणि ती डॉक्टर-इंजिनिअरांची पाठ सोडेना. पहिलं यंत्र काही तासांतच बंद पडलं, मग दुसरं बसवलं. लार्सनला आयुष्यात एकूण सव्वीस पेसमेकर लागले. २००१ मध्ये तो गेला तेव्हा वय शहाऐंशी, कारण हृदयविकार नव्हे, कर्करोग. त्याला जगवणारे शल्यविशारद आणि इंजिनिअर दोघेही त्याच्याआधी गेले होते.

हा सव्वीस आकडा मला पहिल्या शोधापेक्षा मोठा वाटतो. याचा अर्थ, त्रेचाळीस वर्षं कोणीतरी त्या माणसाची नोंद ठेवली, यंत्र कधी दमलं हे पाहिलं, पुढचं तयार ठेवलं. ग्रेटबॅचलाही ते उमगलं होतं. त्याच्या पेसमेकरची खरी दुखरी नस बॅटरी होती. पारा-जस्ताचे सेल दोनेक वर्षांत संपत आणि रुग्णाला पुन्हा टेबलावर जावं लागे. तो पेसमेकर बाजूला ठेवून बॅटरीच्या मागे लागला. लिथियम-आयोडीनची बॅटरी १९७०च्या दशकात आली आणि पेसमेकरचं आयुष्य दहा वर्षांच्या घरात गेलं. शोध लावणं हा एका चुकलेल्या रेझिस्टरचा योग होता. तो टिकवणं हे त्याने पुढची कैक वर्षं घालून केलेलं काम होतं.

प्रत्येक नगाची जन्मपत्रिका

या उद्योगाची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे पोथीतल्या माहात्म्यासारखं होईल. कुत्र्यावरच्या प्रयोगासाठी नेलेला डबा दुसऱ्याच दिवशी मुलीच्या छातीवर, हे त्या काळी चाललं. उपकरणांना बाजारात येण्याआधी सरकारी परवानगी लागावी, असा कायदा तेव्हा अमेरिकेत नव्हताच. १९७०च्या दशकात डॅल्कन शील्ड नावाच्या गर्भनिरोधक साधनाने हजारो बायकांना इजा झाली, काही मेल्या. त्यानंतर २८ मे १९७६ रोजी अध्यक्ष फोर्ड यांनी उपकरणांच्या कायद्यावर सही केली. धोक्याप्रमाणे वर्ग ठरले. सर्वांत धोक्याच्या वर्गाला कसून तपासणी. तरी प्रकरणं थांबली नाहीत. ब्यॉर्क-शायली या हृदयाच्या कृत्रिम झडपेचा एक प्रकार हजारो रुग्णांच्या छातीत बसला आणि काहींच्या शरीरात मोडला.

या कायद्यांमुळे परदेशातल्या या धंद्यात कागदाला मोठी किंमत आली. कोणत्या दिवशी, कोणत्या मालातून, कोणाच्या हातून हा नग तयार झाला, त्याची कोणती चाचणी झाली, तो कोणत्या इस्पितळात गेला, याची वही असते. प्रत्येक नगाची जन्मपत्रिकाच म्हणा. ‘लिहिलं नसेल तर ते घडलंच नाही’, ही त्या कारखान्यांतली रोजची शिस्त. बाहेरच्याला ती कारकुनी वाटते. पण दोष सापडला, की हजारोंतून नेमकी माणसं शोधायची असतात, आणि तेव्हा ही वहीच कामाला येते.

आपल्याकडे ही वही नसली तर काय होतं, ते खुब्याच्या एका परदेशी कृत्रिम सांध्याने दाखवलं. कंपनीने २०१० मध्ये तो जगभरातून परत मागवला. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झालेल्या, आणि पुढे केंद्राच्या तज्ज्ञ समितीने पाहिलं तेव्हा बहुतेक रुग्णांचा मागच लागत नव्हता. माणसं होती, सांधे शरीरात होते, पत्ते नव्हते. उपकरणांमुळे झालेल्या इजांच्या नोंदीचा कार्यक्रम देशात २०१५ मध्ये सुरू झाला. उपकरणांसाठी स्वतंत्र नियम २०१७ मध्ये आले आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. अमेरिकेनंतर एकेचाळीस वर्षांनी.

दुरुस्तीची गत याहून बरी नाही. २०१५च्या सुमारास केंद्राच्या आरोग्य अभियानात सरकारी दवाखान्यांतल्या यंत्रांची मोजदाद झाली. २९,११५ आरोग्य संस्था, ७,५६,७५० यंत्रं, किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये. राज्याराज्यांनुसार यांतली १३ ते ३४ टक्के यंत्रं बंद. ‘यंत्र नादुरुस्त आहे’ असा कागद चिकटवलेलं खोकं आपण सगळ्यांनीच पाहिलेलं आहे. फ्यूज उडालेला असतो, वायर कुरतडलेली असते, बॅटरी मेलेली असते. बाकनने आठ डॉलरमध्ये केलं असतं, तेवढंच काम बहुधा असतं. पण बाकन नसतो.

हँडल फिरवा

मग आपल्याकडे काहीच नाही? आहे. पुण्याच्या जीवट्रॉनिक्स कंपनीत आशिष गावडे आणि अनिरुद्ध अत्रे यांनी ‘सनमित्र’ नावाचा डिफिब्रिलेटर केला. तो विजेवर चालतो, आणि वीज नसेल तर हँडल फिरवून. हँडल फिरवून वीज करायची आणि हृदयाला शॉक द्यायचा. जिथे लाइट कधी जाईल सांगता येत नाही आणि बॅटरी बदलायला कोणी येत नाही, त्या दवाखान्यासाठी केलेलं हे यंत्र आहे. पँट्रिजने भिंतीतल्या प्लगपासून यंत्र सोडवलं, या मंडळींनी ते बॅटरीपासून सोडवलं. मुंबईच्या आयआयटीत प्रा. बी. रवी यांच्या पुढाकाराने ‘बेटिक’ हे केंद्र महाराष्ट्राच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या पाठबळावर उभं राहिलं. नागपूरचं व्हीएनआयटी आणि पुण्याचं सीओईपीही त्यात आले. डॉक्टरने अडचण सांगायची, इंजिनिअरने ती वॉर्डात उभं राहून पाहायची, अशी तिथली रीत. बाकन बायकोला घ्यायला इस्पितळात जाई, त्याचंच हे शिस्तीतलं रूप.

म्हणजे बुद्धीची वाण नाही. आयात कमी करायची धोरणं आली, २०२३ मध्ये राष्ट्रीय उपकरण धोरणही जाहीर झालं. आपली नजर मात्र अजून यंत्र बनवण्यावर आणि फीत कापण्यावर आहे. चौकच्या ग्रामीण रुग्णालयासारख्या ठिकाणी यंत्र येतं त्या दिवशी फोटो निघतो. ते बंद पडतं त्या दिवशी निघत नाही.

आणि इथे मला परदेशातल्या मराठी माणसांशी बोलायचं आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळ अमेरिकेत १९८१ पासून आहे. बाकनच्या मिनेसोटातही मराठी मंडळ आहे, आणि तिथल्या उपकरण उद्योगात आपली पोरं-पोरी काम करतात. परदेशावरचं मराठी लेखन आपण भरपूर वाचलं: पहिला बर्फ, पहिली गाडी, मुलांचं मराठी, आईवडिलांचा व्हिसा. त्या माणसांनी रोज आठ-दहा तास नेमकं काय केलं, ते मात्र फारसं वाचायला मिळालं नाही. कुठली चाचणी कशी फसली, कुठल्या वहीतल्या एका ओळीने माल परत मागवायची वेळ ओळखता आली, रात्री तीनला इस्पितळाचा फोन आला तेव्हा पलीकडची नर्स काय म्हणाली. बाकन, ग्रेटबॅच आणि पँट्रिज यांनी आपली कामं लिहून ठेवली, म्हणून आज चौकात बसून आपण ती वाचतो. मराठीतली ही वही कोरी आहे.

ती भरा. निवृत्तीनंतर लिहू म्हणू नका. आताच लिहा, चुकांसकट लिहा. आणि सुटीला याल तेव्हा आठवड्यातला एक दिवस आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात घालवा. खोपोली-कर्जतकडची आयटीआय झालेली दोन पोरं बरोबर घ्या, अधीक्षकांची परवानगी घ्या, आणि कागद चिकटवलेल्या खोक्यापाशी उभे राहून विचारा, ‘जरा बघू का?’

इर्शाळवाडीच्या वाचलेल्या माणसांसाठी सिडकोने चौकजवळच घरं बांधली. ती आता डांबरी रस्त्याच्या कडेला आहेत, ग्रामीण रुग्णालयही गावातच आहे. पँट्रिजची ॲम्ब्युलन्स त्यांच्या दारापर्यंत येऊ शकते. रुग्णालयातलं यंत्र चालू आहे ना, एवढं बघायचं राहिलं आहे.